गाडी विकल्याची बातमी

भोंगा वाजला तेव्हा मनकर्णाचे दोन्ही हात बाजरीच्या पिठात होते. भोगी होती. शहर बंद होतं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल आज लागतो की उद्या, यावर आठवडाभर नुसती कुजबुज चालली होती, आणि त्या सकाळी परभणीनं दारं लावून घेतली. वसमत रस्त्यावर एसटी नाही, रिक्षा नाही, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टासुद्धा थांबलेला. या घरात राहायला आल्यापासून त्या पट्ट्याची फटफट तिच्या कानात इतकी मुरली होती, की घर असं मुकं असू शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या मुकेपणात भोंगा वाजला. लांबलचक, घोगरा, शेवटाला फाटत गेलेला. पोलिसांची गाडी असेल, नाहीतर बंदात सापडलेला एखादा उसाचा ट्रक. कळत होतं सगळं. तरी तिचे हात थांबले, आणि बेंबीखाली काहीतरी घट्ट आवळलं गेलं, जिथं डॉक्टरांनी आवळायला काहीच ठेवलेलं नव्हतं. मागच्या खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "आली. गाडी आली. कोन हाय रे तिकडं, फाटक उघडा."

मनकर्णानं परातीच्या कडेला बोटं निरपली. सकाळचं सांगून झालं होतं. चहाच्या वेळी, नवरा बंद बघायला चौकात गेला होता तेव्हा, तिनं सांगितलं, म्हातारा रडला, रडून थकला आणि झोपला. दिवसातून एकदाच, असा तिनं स्वतःला नेम घालून घेतला होता, उपासाचा घालतात तसा. आज नेम मोडायला हरकत नव्हती. सणाचा दिवस होता. तिनं हात धुतले, पदराला पुसले, घाई केली नाही. बाहेरच्या खोलीत बन्सीधर बनियनवर पालथा पडून घोरत होता. एरवी या वेळेला तो मोंढ्याच्या बाजारात खता-बियाण्याच्या दुकानात असायचा आणि घरात ती आणि म्हातारा दोघंच असायचे. नवरा घरात असताना तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिनं घोरणं जरा ऐकलं आणि पाण्याचा तांब्या भरला.

म्हातारा म्हणजे तिचा सासरा, व्यंकटराव. काजळवाडीत, मानवतच्या पलीकडं, त्याच्या शब्दाशिवाय कुणाची पेरणी होत नसे असे दिवस होते. गेल्या वर्षी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, मग जीभ हळूहळू सुटली पण ध्यान सुटलं ते सुटलंच. बन्सीधरनं शेत बटईनं लावलं, बापाला घेऊन बिऱ्हाड परभणीला आणलं. जुनं सगळं म्हाताऱ्याच्या ध्यानात होतं, नवं काही टिकत नव्हतं. जेवलेलं तो विसरायचा, कपडे खराब केलेले विसरायचा. फक्त एक प्रश्न सकाळ-दुपार-संध्याकाळ तोच: "गाडी कुठं हाय?" बन्सीधरचं उत्तर ठरलेलं. "शेतात हाय, दादा. यायलीय." तेवढ्यावर म्हातारा शांत व्हायचा. डावा हात उचलून हवेत ठेवायचा, केबिनच्या खिडकीच्या काठावर ठेवतात तसा, आणि तसाच डोळे मिटून पडायचा. गाडी, मालाचा जुना ट्रक, त्याची होती, पण चालवायला तो कधी शिकला नाही. जन्मभर दाराशी बसला, डावा हात खिडकीत टाकून, आणि गाडी चालवली ती बन्सीधरनं.

पहिल्यांदा सांगितलं ते ठरवून नव्हतं. ती त्याच्या खालचं भिजलेलं पटकूर ओढत होती, वासानं डोकं उठलं होतं, आणि तो वर तोंड करून लहान पोरासारखा विचारत होता, गाडी कुठं हाय, गाडी कुठं हाय. तिच्या तोंडून निघून गेलं, "इकली! भंगारात इकली गाडी! दसऱ्याच्या आधीच!" आणि मग तिनं त्याचं तोंड पाहिलं. आधी तो रडला नाही. भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी आणि मारणारा दिसू नये, तसा तो इकडंतिकडं बघत राहिला. मग डावा हात खिडकीवरून घसरला. चेहऱ्याची एक बाजू वाऱ्यानं गेलेली. रडायलाही त्याला अर्धाच चेहरा उरला होता, आणि तो अर्धा चेहरा रडताना दुसरा अर्धा थंडपणे तिच्याकडं बघत होता. ती घाबरली. पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, आता हे नवऱ्याच्या कानावर जाणार असं तिला वाटलं. आणि दुपारी चहा घेऊन गेली तर म्हातारा ताज्या तोंडानं म्हणाला, "सूनबाई, गाडी कुठं हाय?" कपबशी हातात धरून ती उभी राहिली. जे एकदा केलं की संपलं असं तिला वाटलं होतं, ते रोज करता येण्यासारखं होतं. म्हाताऱ्याला ते रोज नवं होतं.

तेव्हापासून ती गाडी तोडत आली होती. खरं तर तोडताना तिनं पाहिली नव्हती. बन्सीधरनं ती भंगारवाल्याच्या आवारात नेऊन उभी केली आणि तो एसटीनं परत आला, एवढंच तिला ठाऊक. पण मागचा फाळका कसा उतरवला, ताडपत्रीच्या कड्या कशा छिनून काढल्या, दिवे कसे उपटले, हे ती सांगायची तेव्हा तिला ते सगळं समोर दिसायचं. एका दिवशी एकच भाग. तेरा दसरे तिनं त्या गाडीला हळदीकुंकू लावलं होतं. कुठं पत्रा चेपलाय, कुठल्या दिव्याची काच तडकलीय, हे तिच्याइतकं कुणाच्या बोटांना माहीत नव्हतं. म्हातारा मध्येच विचारायचा, आशेनं. "बोनट तरी ठिवलं असंल?"

"बोनटबी गेलं, मामा."

"आन इंजन? इंजन लय खनखनीत हाय तिचं. मिलिटरीचं हाय."

"इंजन तर पहिलं काढलं. घनानं फोडलं. तेल सांडलं समदं मातीत."

"घनानं?" तो म्हणायचा. "घनानं कशापायी?" आणि ती नुसती बघत बसायची.

गाडी मिलिटरीच्या लिलावातली. मनकर्णाच्या लग्नाआधी दोनतीन वर्षं आली. वरून तपकिरी रंग दिला होता, पण पत्रा घासला की खालून हिरवा निघायचा, आणि समोरच्या काचेवरच्या भिवईवर पांढऱ्या अक्षरांत म्हाळसाकांताचं नाव. मानवतला कापूस, मोंढ्यावर ज्वारी, कारखान्याला ऊस, उन्हाळ्यात विहिरीचे दगड, पावसाच्या तोंडाला शेणखत. दुष्काळात हिंगोलीकडून कडबा आणला, तर कडबा दिसला म्हणून रस्त्याकडेची जनावरं गाडीमागं पळत आलेली. खुरपायला जाणाऱ्या बाया हौद्यात कोंबून न्यायच्या, त्याच हौद्यात लग्नाचं वऱ्हाड, त्याच हौद्यात पुढं सासूच्या, चांगुणाबाईच्या, अस्थी गंगाखेडला. मनकर्णा नवरी होऊन आली तीही त्यातूनच. हौद्यात वऱ्हाड, ती केबिनमध्ये, नवरा स्टेअरिंगवर, दाराशी सासरा. दोन पुरुषांच्या मधोमध, गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून अंग चोरून, पायांना इंजिनाची धग. नवरा गिअर बदलायला हात पुढं घ्यायचा तेव्हा त्याचं मनगट तिच्या साडीला घासायचं आणि तिचा श्वास अडकायचा. तो एकदाही तिच्याकडं बघत नव्हता. रस्त्याकडं बघत होता आणि हसत होता. तेव्हा तिला ते हसणं आपल्यासाठी आहे असं वाटलं होतं. नंतर कळलं, स्टेअरिंग हातात असलं की तो नेहमीच तसा हसायचा.

लग्नाच्याच वर्षी पावसाळ्यात नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव पेटलं. एका संध्याकाळी गाडीत माणसं भरून गेली. कुठं, ते बायांना कुणी सांगितलं नाही, आणि बायांनी विचारलं नाही. व्यंकटरावनं गाडी दिली, बन्सीधरनं चालवली. उजाडता गाडी परत आली तेव्हा मनकर्णा अंगण झाडत होती. गाडीला घासलेटाचा वास होता आणि ताडपत्रीच्या घडीत काळी राख बसली होती. बन्सीधर ओढ्यावर जाऊन दिवस वर येईपर्यंत हौदा धूत बसला. जेवायला बसला तेव्हा त्याच्या बोटांची कातडी पाण्यानं सुरकुतली होती. "काय झालं?" तिनं विचारलं होतं. नवी होती, विचारण्याइतकी नवी होती. तो म्हणाला, "कुठं काय? दादांनी सांगितलं, मी गेलो." दुसऱ्या दिवशी काजळवाडीतला बौद्धवाडा रिकामा झाला. त्यांना कुणी हात लावला नव्हता. गाडी कुठल्या दिशेनं आली एवढं त्यांनी पाहिलं होतं. गाठोडी बांधून ते मानवत रोडच्या स्टेशनावर गेले आणि तिथून कुठं ते कुणाला माहीत नाही. त्यांच्यात केवळाबाई होती. गावातलं एकूणएक लेकरू त्या बाईच्या हातावर आलेलं. बन्सीधरसुद्धा.

पुढच्या वर्षी कापसाच्या दिवसांत मनकर्णाचे दिवस भरले. पोर पोटात आडवं होतं. केवळाबाई असती तर तेलाच्या हातानं फिरवलं असतं, असं चांगुणाबाई नंतर कितीदा तरी म्हणाली. ती का नव्हती हे मात्र कधी म्हणाली नाही. परभणीच्या सरकारी दवाखान्यात न्यायला हवं होतं. एसट्या बंद होत्या, तेव्हाही नामांतराचंच काहीतरी होतं. गाडी मानवतच्या जिनिंगला निघालेली, कापसानं गच्च भरलेली. मनकर्णाला केबिनमधल्या सीटवर आडवी टाकली, पायांशी सासू. मानवत वाटेवरच आहे, कापूस उतरवू आणि तसंच पुढं परभणीला जाऊ, असं ठरलं. मानवतला जिनिंगच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेनं बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक एकामागं एक लागलेले, आणि वर आभाळ भरून आलेलं. सीटच्या रेक्झिनला फट होती, त्या फटीतून काथ्या टोचत होता. काचा चढवलेल्या. कापसाची तूस नाकात, घशात. कळ आली की ती गिअरचा दांडा धरायची, तो थरथरायचा, म्हणजे इंजिन चालू होतं, म्हणजे निघणार आहेत, असं तिला वाटायचं. मग गाडी दोन हात पुढं सरकायची आणि इंजिन बंद व्हायचं. बाप-लेक खाली उतरून बोनटापाशी उभे होते. तिचे डोळे मिटलेले होते. काचेतून आवाज जाड होऊन आत आला: "लाइन सोडायची न्हाई. एकदा लाइन गेली की गेली. भिजला कापूस तर कोन घेनार?" मग आणखी काही बोलणं झालं, ते कळलं नाही. कुणीतरी बोनटावर जोरात थाप मारली. ती थाप तिच्या पोटात उतरली. "आत्या," ती सासूला म्हणाली, "जाऊ द्या की मला, खाली उतरू द्या, मी चालत जाते." चांगुणाबाईनं तिचे घोटे दाबून धरले. "सोस बाई. त्येंनी ठरवलंय."

कापूस उतरला तेव्हा दिवस मावळत होता. परभणीपर्यंतचा रस्ता तिला आठवत नाही. मोकळ्या हौद्याचा खडखडाट तेवढा आठवतो. दवाखान्यात तिला वाचवलं. पोर तुकड्यांनी काढावं लागलं, पिशवी फाटली होती म्हणून तीही काढली. नर्सनं सांगितलं, मुलगी होती. दाखवली नाही. दाखवण्यासारखं सलग काही नव्हतं.

आणि घरी आल्यावर व्यंकटरावनं सुरू केलं. पाहुणा आला, सोयरा आला, तलाठी आला, की ओसरीवर बसून, आत तिला ऐकू जाईल अशा आवाजात: "गाडी होती म्हनून सूनबाई वाचली. गाडी नसती तर खांद्यावरच न्यावी लागली असती. आमच्या गाडीचे उपकार हायेत बगा तिच्यावर." लोक मान हलवायचे. कुणीतरी म्हणायचं, खरंय, गाडीनं वाचवली. मग दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूच्या माळा घालून उभी केली की सासरा हाक मारायचा, "सूनबाईच्या हातानं होऊ द्या. तिला वाचवलंय तिनं." आणि ती ताट घेऊन यायची. बोनटावर हात ठेवायची. दरवर्षी लोखंड गार असायचं आणि दरवर्षी तिला वाटायचं, आपण याच्यावर थुंकू. कधी थुंकली नाही. कुंकू लावलं. लेकरू होणार नाही म्हटल्यावर दुसरी करण्याची बोलणी झाली, ती बन्सीधरनं मोडली. त्याबद्दलही लोक त्याला चांगला म्हणाले, आणि तीही म्हणाली. तो बायकोला कधी उलटून बोलत नव्हता. दर गुरुवारी जाईचा गजरा आणत होता. तिनं सगळा राग एका माणसावर जपून ठेवला होता, दुसऱ्याकडं त्यातलं काही सांडू दिलं नव्हतं. राग असा एका जागी ठेवला म्हणूनच संसार चालला, असं तिला कधीकधी वाटायचं.

तांब्या घेऊन ती मागच्या खोलीत गेली. म्हातारा डाव्या कोपरावर उठून बसायला धडपडत होता. डोळ्यांत वेगळीच लकाकी होती. ती बाजेच्या कडेला बसली, पदर सारखा केला आणि नेहमीच्या, हळू, गोड आवाजात म्हणाली, "गाडी न्हाई आली, मामा. गाडी आता कशी येईल?"

पण तो रोजच्यासारखा विचारायला थांबला नाही. तिच्याकडं रागानं बघत म्हणाला, "चांगुणा, तू हितं काय करायलीस? तिच्यापाशी बस जा. पोरगी एकटी हाय आत."

मनकर्णानं तांब्या खाली ठेवला. तिला कळलं तो कुठं आहे, मानवतच्या त्या लायनीत. इतके महिने ती त्याला गाडीच्या मरणाकडं ओढून नेत होती आणि आज तो आपल्या पायांनी तिच्या लेकीच्या मरणापाशी येऊन उभा होता. तिला वाटलं, आता. आता गाडीबिडी काही नाही, आता तेच वाक्य त्याच्या तोंडून काढून घ्यायचं, आणि मग रोज काढायचं. तिनं सासूसारखा आवाज काढला. काढावा लागला नाही, तो आपोआप निघाला. "मंग काय करता? लाइन सोडता का न्हाई?"

म्हाताऱ्यानं डाव्या हाताची मूठ बाजेच्या पाटीवर आपटली. एकदा, दोनदा. "तेच सांगायलोय न्हवं ह्येला! बन्सी, ऐक माझं. लाइन गेली तर जाऊ दे. भिजू दे कापूस, मातीत जाऊ दे. बायको हाय ती तुझी, लेकरू हाय तुझं, आन तूच म्हनतूस लाइन सोडायची न्हाई? माझ्या तोंडाकडं काय बघतूस? काढ गाडी!" त्याला धाप लागली. तोंडाच्या मेलेल्या बाजूनं लाळ गळत होती. "चावी दे हिकडं. दे चावी. मला चालवता आली असती तर तुला इचारलं असतं का रे मी?" आणि मूठ पुन्हा पाटीवर आपटली, आणि मनकर्णाला ती बोनटावर ऐकू आली.

बाहेरचं घोरणं थांबलेलं होतं. कधी थांबलं ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. बन्सीधर दारात उभा होता, चौकटीला एक हात लावून. "बरळायलाय म्हातारा," तो झोपेनं जाड झालेल्या आवाजात म्हणाला. आणि तो आवाज. पंधरा वर्षं एका छपराखाली राहून तिनं तो असा, काचेआडून आल्यासारखा, पुन्हा कधी ऐकला नव्हता. बापाचा आणि लेकाचा आवाज एकाच घशातून आल्यासारखा. हुकूम नेहमी बाप द्यायचा, म्हणून त्या दिवशी डोळे मिटलेले असताना तिनं तो बापाच्या तोंडात घालून टाकला होता. विचारायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

"तुमी म्हनला होता?"

"काय?"

"लाइन सोडायची न्हाई."

बन्सीधरनं छाती खाजवली. आधी खिडकीकडं पाहिलं, मग बापाकडं. बाप आता थकून उशीवर पडला होता, ओठ हलत होते. "चौदा वर्षं झाली," तो म्हणाला. "कोन काय म्हनलं ते कोन ध्यानात ठिवतंय?"

"त्येंच्या ध्यानात हाय."

"अगं, गाडी निघत नव्हती तितून. मागं ट्रॅक्टर, म्होरं बैलगाड्या. आन आभाळ आलतं." तो थांबला. मग अगदी साध्या, पटवून देणाऱ्या आवाजात म्हणाला, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचा त्या आवाजात, "मला वाटलं दुपारपतूर उतरंल. बाया दोन-दोन दिस अडून ऱ्हातेत. मला काय ठाऊक? मी काय मुद्दाम केलं का?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला ते सोसवलं नाही. तो एक पाऊल आत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आन तू रोज त्येला काय सांगतीस ते मला म्हाईत न्हाई व्हय? गिरनीवाल्याच्या बायकूनं कवाच सांगितलं मला. मी कधी काय म्हनलो का तुला? एक शबूद तरी?"

तो बाहेर गेला. पाण्याचा आवाज आला, चूळ भरल्याचा. मनकर्णा बाजेवर बसून राहिली. त्याला माहीत होतं. इतके महिने माहीत होतं. सकाळी दुकानाला जाताना तो रोज दार ओढून घ्यायचा, नीट, कडीचा आवाज न करता, आणि ते आपल्यासाठी आहे, भर सकाळी घरात उन्हाचा झोत नको म्हणून आहे, असं तिला वाटायचं. त्यानं बाप तिला देऊन टाकला होता. आपल्या जागी. उसाच्या मोळीतून एक कांडं काढून लेकराच्या हातात द्यावं, घे, चघळत बस, तसं. आणि तिनं घेतलं होतं, मिटक्या मारत.

तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. आता कणव यायला हवी होती. तिनं वाट पाहिली. त्यानं चावी मागितली होती, मिळाली नाही. आणि मग? मग तो गप्प राहिला, सूर्य मावळेपर्यंत लेकाशेजारी बोनटाला टेकून उभा राहिला, आणि नंतरची सगळी वर्षं बोलत राहिला, गाडीनं वाचवली, गाडीनं वाचवली, म्हणजे गाडी थांबवली कुणी, हे कुणी विचारू नये. लेकासाठी बोलत राहिला. लेकासाठी तिच्या हातानं लोखंडाला कुंकू लावून घेतलं. ज्या संध्याकाळी माणसं भरून गाडी गेली तेव्हाही त्यानंच गाडी दिली आणि लेकानं चालवली. एक देणारा, एक चालवणारा, आणि दोघांपैकी कुणीच केलं नाही. केवळाबाई गेली ती या दोघांच्या मधल्या फटीतून गेली. पोर गेलं तेही. कणव आली नाही. आली असती तर बरं झालं असतं का, हेही तिला ठरवता येईना. म्हाताऱ्याची लाळ तिनं पदरानं पुसली, कारण ती पुसायची असते. मग उठून स्वयंपाकघरात गेली. पीठ वाळून परातीला धरलं होतं. तिनं पाण्याचा हात लावून ते पुन्हा मळलं, भाकरी थापली, वर तीळ लावले. संध्याकाळी दोघं जेवली. बन्सीधर भोगीची भाजी चांगली झालीय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. बंद सुटला होता. नावाचं काहीतरी ठरलं म्हणे; रस्त्यावर एका बाजूला गुलाल होता आणि एका बाजूला दुकानं अजून अर्धीच उघडली होती. बन्सीधर आंघोळ करून, नवा सदरा घालून बाहेरच्या खोलीत जेवायला बसला, दुकानाला जायची घाई होती. तिनं तव्यावरची गुळाची पोळी त्याच्या ताटात टाकली. मागच्या खोलीतून आवाज आला, ताजा, कालचं काहीच नसलेला: "सूनबाई, गाडी कुठं हाय?"

बन्सीधरचा हात पोळीवर थांबला. शेतात हाय दादा, यायलीय, हे त्याचं उत्तर होतं. इथूनच ओरडून देता आलं असतं. त्यानं दिलं नाही. तो तिच्याकडंही पाहत नव्हता. पोळी मोडून, वाफ निघून जावी म्हणून थांबल्यासारखा थांबला होता. मनकर्णाला वाटलं, याच्यासमोर बसावं आणि याला सांगावं, हळूहळू, एका दिवशी एक. पण हा विसरणार नव्हता. याला एकदा सांगितलं की ते घरात राहणार होतं, रात्री अंथरुणात, सकाळी चहात, आणि याच्याबरोबर अजून वीस-पंचवीस वर्षं काढायची होती. म्हाताऱ्याला कितीही वेळा सांगता येत होतं.

ती मागच्या खोलीत गेली. एरवी ती दार लोटून घ्यायची. आज तिनं ते सताड उघडून ठेवलं आणि पाट्यावरचा वरवंटा नेऊन त्याला आडवा लावला, मिटू नये म्हणून. बाजेच्या कडेला बसली. "गाडी इकली, मामा," ती म्हणाली, बाहेरच्या खोलीत नीट जाईल अशा आवाजात. "तोडली. आज सीट काढली बगा. रेक्झिन सुरीनं फाडलं. आत काथ्या होता, समदा काळा पडलेला. काय सांडलं व्हतं त्याच्यावर कोन जाने, त्यो भंगारवाला म्हनला ह्येला वास यायलाय, ह्ये न्हाई घेत मी. ह्ये जाळून टाका."

"जाळली?" म्हातारा म्हणाला.

"जाळली."

म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हळूहळू आत गेला. मग तो रडायला लागला, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असा. ती बघत राहिली. बाहेर काहीच आवाज नव्हता, ना ताटाचा, ना चावण्याचा. मग ताट जमिनीवर थोडं पुढं सरकल्याचा आवाज आला.

"पोळी वाढ," बन्सीधर म्हणाला.

ती उठली. पोळी वाढली.

"तूप घाल जरा," तो म्हणाला. "कोरडी लागायलीय."

तिनं तूप घातलं.